थेंबातला सुलटा माणूस

झगवानच्या सांस्कृतिक भवनात दर गुरुवारी दुपारी फोटो शिकवायचा वर्ग भरायचा, आणि त्या वर्गात सगळ्यांत वाईट फोटो मन्नूबियाचे असायचे. याबाबत गावात दुमत नव्हतं. खुद्द मन्नूबियाचंही नव्हतं.

शिकवणारे उस्ताद फाखिर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे मास्तर. पोट असं, की फुलाजवळ वाकायचं म्हटलं तर आधी पोट पोचायचं आणि मागाहून मास्तर. ते सगळ्यांचे फोटो भिंतीवर मोठे करून दाखवत आणि हातातल्या पट्टीनं, नकाशावरच्या नद्या दाखवाव्यात तशा, एकेक चूक दाखवत.

"लल्ला मन्नूबिया, यात फूल कुठं आहे?" वडीलधाऱ्या बाईला गावात लल्ला म्हणत.

"ते काय. बादलीच्या बाजूला."

"मला बादली दिसते. दोरीवरचा पायजमा दिसतो. शेजाऱ्यांचं गाढव दिसतं. गाढव मात्र फार सुरेख आलंय हं!"

"मग गाढवालाच बक्षीस द्या," मन्नूबिया म्हणाली. "तुमच्या घरातल्या घरात राहील."

वर्ग पोट धरून हसला. मास्तरही हसले. साठी ओलांडलेल्या बाईशी तोंडाला तोंड देण्यात झगवानमध्ये कोणी शहाणपण मानत नाही.

मे महिना होता. डोंगराच्या कुशीतल्या बागांमध्ये निसरी फुलली होती. रानगुलाबच तो, पाच पाकळ्यांचा, दिसायला साधाभोळा; पण त्याचा अर्क उतरवला की एका चमच्यात अख्खं घर घमघमतं. महिनाअखेरीला निसरीची जत्रा भरायची आणि यंदा तिथं फोटोंचं प्रदर्शन होतं. विषय एकच: एक फूल, जवळून.

मास्तरांनी मन्नूबियाच्या हातातला कॅमेरा घेतला आणि वरच्या चकतीवरचं इवलंसं फुलाचं चिन्ह दाखवलं. "जवळचं काढायचं तर चकती इथं आणायची. तुम्ही ठेवता डोंगराच्या चिन्हावर. मग तो बिचारा डोंगर शोधत बसतो." उभ्यानं खाली बघून काढू नका, फुलाच्या उंचीला या. भर उन्हात पांढरी पाकळी जळते, उकडलेल्या अंड्यासारखी दिसते, सावलीत काढा. मागं गर्दी नको, काळोखं काहीतरी असू द्या. वारा थांबेपर्यंत थांबा. श्वास धरा.

मन्नूबियानं सगळं मनावर घेतलं. पण तिची एक चूक होती, जी पुस्तकात कुठं लिहिलेली नसते. ती फुलाशी बसायची, डाव्या हाताच्या बोटांनी देठ हलकेच धरून ते स्थिर करायची, उजव्या हातानं कॅमेरा डोळ्याला लावायची आणि टच्! फूल खुडलेलं. जन्मभर पहाटे उठून निसरी खुडणारी बोटं ती. त्यांना मेंदूला विचारायची सवयच नव्हती. चांगल्या चांगल्या फुलांचे फोटो असे तिच्या ओच्यात गेले.

शेवटी तिला एकच फूल उरलं. म्हणजे प्रत्येक झाडावर एकेक. त्या बागेत तिच्या सासऱ्यांच्याही आधीपासूनची रीत होती: उन्हं यायच्या आत सगळं झाड खुडायचं, पण एक फूल ठेवायचं. ते झाडाच्या नावाचं. त्याला बोट लावायचं नाही. मन्नूबियाची बोटं ही रीत मात्र पाळत होती, म्हणून झाडाच्या नावाची फुलं तेवढी तिच्या कॅमेऱ्याच्या वाट्याला आली.

आता ती फोटो का शिकत होती, तर बाग जाणार होती म्हणून. निम्मी बाग तिच्या नवऱ्याची, हमादीची. निम्मी धाकट्या दिराची, तिजानीची. तिजानीला ती सगळीच राजधानीतल्या एका हॉटेलवाल्याला विकायची होती. हमादी जिवंत होता तोवर नाही म्हणत आला. मग दोन वर्षांपूर्वी, वसंतात, तो बागेतल्या टाक्यात पडून मेला. आता विक्रीच्या कागदावर मन्नूबियाची सही तेवढी बाकी होती.

टाकं जमिनीखालचं, पावसाच्या पाण्याचं. तोंड अरुंद, माणूस जेमतेम शिरेल एवढं, भोवती दगडी कठडा. दरवर्षी त्याची नळी पाल्यानं तुंबायची, आणि ती मोकळी करायला एकानं कमरेपर्यंत आत लोंबायचं नि दुसऱ्यानं बाहेरून त्याचे घोटे धरायचे. हमादी सापडला तो डोकं खाली, पाय वर. निळा जाड कामाचा कोट पाण्यानं फुगलेला. तिजानीनं सांगितलं, मी कहवाखान्यात होतो, दादा एकटाच वाकला असणार.

मन्नूबिया रडली नाही. तिनं डूख धरला. हमादी कधीच एकटा वाकायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. तेव्हापासून तिजानी समोर आला की ती त्याला एकच प्रश्न विचारायची, सलामाच्या आधी.

एका सकाळीही तसंच झालं. ती ओल्या मातीत पालथी पडून टाक्याशेजारच्या झाडाचं फूल टिपत होती. फुलं वेचायची पांढरी चादर तिनं झाडाखाली अंथरली होती. मास्तर म्हणाले होते, चादरीचा उजेड वर फेकला जातो आणि पाकळीच्या पोटातला अंधार जातो. तिजानी आला. अंगात कशाबिया, म्हणजे तपकिरी लोकरीचा पायघोळ झगा, डोक्यावर लाल टोपी, दाढीला अत्तर.

"काय वहिनी, काही हरवलं का मातीत?"

"पाय कोणी धरले होते, भावजी?"

"झालं सुरू! अहो, किती वेळा सांगू? कोणी नाही."

"मग उभं राहू नका. उजेड अडतो."

"काढा, काढा फोटो. पुढच्या वर्षी इथं पोहण्याचा तलाव असेल. त्याचेही काढा." आणि तो भट्टीकडे निघून गेला. तिथं त्याच्या तांब्याच्या हंड्यात निसरी उकळत होती, आणि सगळ्या रानाला तिचा गोड, जड वास येत होता.

त्या गुरुवारी भिंतीवर मन्नूबियाचा फोटो आला आणि मास्तरांनी पहिल्यांदाच पट्टी खाली ठेवली. फूल चांगलं आलं होतं. पाकळीच्या टोकाला दंवाचा थेंब लटकला होता.

"शाब्बास! फक्त थेंबात काळं काहीतरी आहे. भिंगावर धूळ असेल."

मन्नूबियानं भिंग पुसलं. दुसऱ्या दिवशी त्याच झाडाशी बसली. काळं होतंच. आता ते उभट होतं, कोवळ्या रोपासारखं.

मग तिला शिकण्याचा ध्यासच लागला. हात थरथरतो म्हणून मास्तरांनी सांगितलं तसं तिनं एका पिशवीत कुसकुस, म्हणजे रव्यासारखं जाडं धान्य, भरलं, पिशवी जमिनीवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला. केसर स्पष्ट येतात पण थेंब अंधुक, तर नेम थेंबावर धरला. वाऱ्याला टोपली आडवी लावली. दर खेपेला चूक एक कमी व्हायची आणि थेंबातलं ते काळं थोडं अधिक स्पष्ट व्हायचं.

पुढच्या गुरुवारी भिंतीवर थेंबच तेवढा आला, कलिंगडाएवढा. त्यात एक माणूस उभा होता. पाठमोरा. निळा कोट.

"मागं कोणाला उभं केलंत?" मास्तरांनी विचारलं.

"कोणी नव्हतं."

मास्तर भिंतीजवळ गेले. मग मागं आले. मग खिडकीतली काचेची गोल बाटली उचलून तिच्यात पाणी भरलं आणि सगळ्यांसमोर धरली. "बघा. खिडकी कशी दिसते?"

"उलटी," वर्ग म्हणाला.

"थेंबाचंही तेच. थेंबात जग उलटं दिसतं. आकाश खाली, झाड डोक्यावर. मग हा माणूस सुलटा कसा? हा तिथं डोकं खाली, पाय वर असा असला पाहिजे!" आणि आपल्याच विनोदावर ते हसले. "लल्ला, डोंबारी आणला होतात की काय बागेत?"

वर्ग हसला. मन्नूबिया हसली नाही. तिनं कॅमेरा पदरासारख्या पांढऱ्या सफसारीत गुंडाळला आणि घरी आली. चूल पेटवली नाही. खिडकीतून टाक्याचं तोंड दिसत होतं, तिकडे बघत बसली.

सकाळी दंव भरपूर पडलं होतं. वारा नव्हता. तिनं श्वास धरला, इतका वेळ, की कानांत पाणी गेल्यासारखं वाटायला लागलं.

त्या फोटोत निळ्या कोटाच्या माणसाच्या घोट्यांना दोन हातांनी धरलं होतं. हात तेवढेच, मनगटापर्यंत. डाव्या हाताची करंगळी अर्धी.

ती करंगळी भट्टीच्या झाकणाखाली सापडून तुटली त्या दिवशी मन्नूबियानंच तिच्यावर राख दाबून धरली होती. तिजानी तेव्हा लहान पोरासारखा रडला होता, आणि हमादीनं त्याला पाठीवर घालून दवाखान्यात नेलं होतं.

तिनं लगेच आणखी एक फोटो काढला. घोटे धरलेले नव्हते. दहाही बोटं उघडी होती. साडेनऊ, हवं तर.

पोलिसांकडे थेंब घेऊन जाणारी बाई ती नव्हती. उंटावरचे शहाणे तिथंही बसतात. तिनं कॅमेरा पुसून ठेवला, दोन दिवस फुलं खुडली, गुणगुणत खुडली, आणि तिसऱ्या दिवशी तिजानीला ताटलीभर काक वरका पाठवली. बदाम भरलेली, निसरीच्या पाण्यात मळलेली गोड, गोल कडी. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तिजानी ताटली परत द्यायला आपण होऊन आला. खूश होता. कागदावर सही मिळणार असं त्याला वाटलं असावं.

"पाय कोणी धरले होते" हे तिनं विचारलं नाही. म्हणाली, "भावजी, एक काम होतं. प्रदर्शनाचा फोटो राहिलाय. पांढरं फूल उठून दिसायला मागं काळोखं लागतं म्हणे. तुमची कशाबिया अगदी हवी तशी आहे. झाडामागं क्षणभर उभे राहता?"

"एवढंच? अख्खं आयुष्य तुमच्यामागं उभा आहे, वहिनी."

"मागंच आहात म्हणून तर बोलावलं."

तो उभा राहिला. टाक्याला टेकून, टोपी सारखी करून. ती कुसकुसच्या पिशवीमागं पालथी झाली. थेंबात इवलासा तिजानी होता. डोकं खाली, पाय वर. असायला हवा तसा. तिनं श्वास धरला आणि बटण दाबलं.

"चांगला आलोय का?"

मन्नूबियानं कॅमेऱ्याच्या मागची काच पाहिली. बराच वेळ पाहिली.

"हुबेहूब," ती म्हणाली.

जत्रेच्या दिवशी तो फोटो दाराशीच लावला होता. पाकळ्यांवरची शीर न् शीर दिसत होती. असं फूल झगवाननं पाहिलं नव्हतं. बायका थांबत होत्या, बोटं दाखवत होत्या. "अगं, थेंबात कोण बघ! आपला तिजानी! आणि कसा सुलटा, ऐटीत उभा!" मास्तर आले. फोटोसमोर त्यांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली, मन्नूबियाकडे बघितलं आणि ते दुसऱ्या भिंतीकडे निघून गेले.

तिजानी आला तेव्हा लोकांनी वाट करून दिली.

"वा! माझ्यामुळं बक्षीस वहिनींना," तो मोठ्यानं म्हणाला. मग जवळ गेला. "हे पायाशी काय आहे?"

थेंबातल्या तिजानीचे दोन्ही घोटे कोणीतरी धरले होते. अस्तन्या निळ्या होत्या. ओल्या.

"मागं कोणी होतं का तेव्हा?" त्यानं हळूच विचारलं.

"टाकं होतं," मन्नूबिया म्हणाली.

तो बाहेर पडताना दाराची चौकट धरून बाहेर पडला.

मग गावात कुजबुज सुरू झाली. तिजानीचा चेहरा लाल राहतो, वांग्यासारखा. कानशिलाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगतात. पाय बर्फ, दोन लोकरी मोजे घातले तरी. कॉफीचा घोट घेतला की नाकातून परत येतो. कहवाखान्यात बसला तर टेबल दोन्ही हातांनी घट्ट धरतो, वादळात होडी धरावी तसा. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडलं नाही. म्हणाले, आराम करा. पण आडवं व्हायलाच तो भितो.

त्याची बायको दलीला मन्नूबियाकडे आली. "ताई, काय सांगू? टोपीला नाडी लावून हनुवटीखाली बांधून घेतलीय. कारण विचारलं तर म्हणतात, निघून जाते. आणि सारखे घोट्यांना हात लावून बघतात. काय झालंय हो यांना?"

"पाय दुखत असतील," मन्नूबिया म्हणाली आणि तिच्यापुढं चहा ठेवला. दलीलाशी तिचं वैर नव्हतं.

जून लागला. खुडणी संपली. झाडांच्या नावाची फुलंही एकेक करून गळाली. टाक्याशेजारच्या झाडावर मात्र एक होतं. शेवटचं.

एका सकाळी तिजानी आला. एका झाडाचा बुंधा सोडून दुसऱ्याचा धरत, असा आला. हातात पाणी शिंपडायची बाटली होती, दलीला इस्त्रीला वापरायची ती.

"माझा दुसरा फोटो काढा, वहिनी."

"दंव नाही आज."

"मी शिंपडतो. मास्तरांना विचारलं मी. चालतं म्हणाले." त्याचा आवाज जड होता, कोणीतरी छातीवर बसल्यासारखा. "थेंबात मला उलटा काढा. जसा दिसायला हवा तसा. मग सुटेन मी."

मन्नूबिया पायरीवर बसली होती. उठली नाही.

"पाय कोणी धरले होते?"

तिजानीनं टाक्याची कड धरली. खाली बघितलं नाही.

"मी."

बागेत मधमाशा होत्या. त्यांचाच काय तो आवाज.

"सकाळीच विचारलं होतं त्याला विकण्याचं. नाही म्हणाला. मग आत लोंबला. आतून बोलत होता, आवाज घुमत होता. म्हणाला, ही बाग मी विकणार नाही, तिजानी, तू म्हातारा होशील विचारून विचारून. आणि हसला. हसताना त्याचे पाय हलत होते माझ्या हातांत." तो थांबला. "मी ढकललं नाही, वहिनी. नुसते हात उघडले."

"त्याला कळलं?"

"काय?"

"तुम्ही सोडलंत ते."

तिजानीनं होकारार्थी मान हलवली. "माझं नाव घेतलं त्यानं. दोनदा."

मन्नूबिया उठली. आत जाऊन कॅमेरा आणि कुसकुसची पिशवी घेऊन आली. तिजानीनं घाईघाईनं फुलावर पाणी शिंपडलं. पाकळीच्या टोकाला थेंब जमला, फुगला, लटकला. तो झाडामागं जाऊन उभा राहिला. ताठ. हनुवटीखालची नाडी घट्ट.

ती पालथी झाली. चकती फुलाच्या चिन्हावर आणली. नेम थेंबावर धरला. वारा नव्हता.

थेंबात तिजानी होता. सुलटा.

निळ्या अस्तनीचा एक हात त्याच्या उजव्या घोट्यावर होता. दुसरा हात उघडा होता.

"दिसतोय का मी? वहिनी? नीट दिसतोय का?"

"दिसताय."

"मग काढा ना."

मन्नूबियानं डावा हात पुढं केला, देठाला दोन बोटं लावली आणि फूल खुडलं.

थेंब मातीत पडला. ती उठली, गुडघे झाडले.

"फुलं संपली, भावजी. आता पुढच्या मेमध्ये."

 तिजानीनं एकदा आपल्या डाव्या पायाकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. पण पाणी गालांवर उतरलं नाही. ते भुवया ओलांडून कपाळावर चढलं आणि टोपीच्या कडेखाली शिरलं.